बटाट्याच्या दोन ओळींवर बेतलेली गाडी

युनिमोग या जर्मन गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ठरलं ते बटाट्याच्या दोन ओळींवरून: १२७० मिलिमीटर. महायुद्धात हरलेल्या जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिश यांनी ती शेतीसाठी योजली. त्याआधी ते डाइमलर-बेंझमध्ये विमानांच्या इंजिनांचं काम पाहत. १९४६ मध्ये पहिला नमुना धावला. पुढे बोधचिन्हही बैलाच्या डोक्याचं आलं, शिंगं इंग्रजी 'यू'सारखी वळलेली.

इंजिन २५ अश्वशक्तीचं, वेग ताशी ५० किलोमीटर. आज एखादी मोटारसायकलही याहून जोरकस असते. मग ही गाडी चिखलातून निघायची कशी?

चिखलात अडचण बहुधा ताकदीची नसतेच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल एक्सलमध्ये असतं. पण एक चाक गाळात फिरू लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो आणि ते कोरड्या जमिनीवर असूनही स्वस्थ उभं राहतं. नुसतं 'फोर बाय फोर', म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, असून भागत नाही ते यामुळे. युनिमोगमध्ये पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येत. मग दोन्ही चाकं जोडीनंच फिरत.

खरी करामत मात्र पोर्टल एक्सलची. साध्या गाडीत एक्सल चाकाच्या मध्यातून जातो, त्यामुळे डिफरन्शियलचा गोळा खाली लोंबतो आणि दगडावर आधी तोच आपटतो. इथे एक्सल मध्याच्या वरून जातो आणि चाकापाशी गिअर बसवून फिरणं खाली उतरवलेलं असतं. पोट उंच राहतंच, शिवाय वेग चाकाशीच घटून जोर वाढत असल्यानं आतल्या शाफ्टवरचा ताणही कमी होतो. एका दगडात दोन पक्षी!

पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आणि पीळ खाणारी चेसिस यांमुळे एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर असलं तरी चारही जमीन धरून राहतात. टायरांतली हवा कमी केली की ते पसरून वाळूतही रुतत नाहीत.

याच वंशातला एक ट्रक २०१९ मध्ये चिलीतल्या ओहोस देल सालादो ज्वालामुखीवर ६६९४ मीटर उंचीपर्यंत चढला. डांबरी रस्त्यावर मात्र या उंच पोटाची किंमत मोजावी लागते: वळणावर गाडी कलते आणि चाकांजवळच्या गिअरांची घरघर सोबतीला असते.