अमेरिकेत नोकरी शोधताय? पासपोर्टची कॉपी लगेच पाठवू नका

एच-१बी किंवा ओपीटीवर असलेल्या आपल्या मुलांना रिक्रूटरचा पहिलाच मेल असा येतो: ‘पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ आणि एसएसएनचे शेवटचे ४ आकडे पाठवा, मग क्लायंटला प्रोफाइल देतो.’ मुलाखत नाही, ऑफर नाही. मंडळी, इथे थांबा!

👉 ऑफरआधी कंपनी विचारू शकते: काम करण्याची परवानगी आहे का? आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का? याला खरं ‘हो’ किंवा ‘नाही’ पुरतं.

👉 परवानगीचे कागद तपासले जातात ते आय-९ फॉर्मसाठी, म्हणजे ऑफर स्वीकारल्यानंतर. रुजू झाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कंपनीने ते तपासायचे असतात. सरकारी यादीतले कोणते कागद दाखवायचे, हे तुम्ही ठरवता.

👉 एच-१बी ट्रान्सफरसाठी मात्र पासपोर्ट, आय-९४, आय-७९७, पे-स्टब मागतात. ते ऑफर लेटर हातात आल्यावर द्या. मेलला जोडण्यापेक्षा वकिलाच्या सुरक्षित पोर्टलवर टाका.

जन्मतारीख आणि पूर्ण एसएसएन एकत्र चुकीच्या हाती पडले, तर तुमच्या नावावर कर्ज निघू शकतं. आधीच पाठवून बसला असाल, तर इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ करा. ते मोफत आहे.

चांगला रिक्रूटर ‘ऑफरनंतर देतो’ हे उत्तर समजून घेतो. नुकत्याच तिकडे गेलेल्या मुलांपर्यंत हे नक्की पोहोचवा.