जावई काय करतात हो?



आपण म्हातारी माणसे फोनवर एक प्रश्न हमखास विचारतो. "मुलगी परदेशात गेली, छान झाले. जावई काय करतात हो?" मुलाला नोकरी लागली आणि सून त्याच्याबरोबर गेली, तर ती काय करते हे कोणी खोदून विचारत नाही. घर बघते, झाले. पण नोकरी मुलीला लागली आणि जावई आपली नोकरी सोडून तिच्याबरोबर गेले, की फोनवर जरा शांतता होते. मग आवाज खाली करून, "म्हणजे घरीच असतात का?"

मी नेदरलँड्सला, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तिथे, भाचीकडे दोन महिने राहून आले. भाची ठाण्याची, इंजिनियर. तिला ऐंडहोवन शहराजवळ नोकरी लागली. कॉम्प्युटरच्या चिप्स बनवायची यंत्रे त्या भागात तयार होतात, आणि त्या कामासाठी जगभरची माणसे तिथे येतात. आपली मराठी मुलेमुलीही आहेत. जावई ठाण्याला बँकेत होते. ती नोकरी सोडून ते तिच्याबरोबर गेले आणि पहिली दोन वर्षे घरीच होते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मी जवळून ऐकले आहे.

आधी कायद्याचे सांगते. हॉलंडने १ ऑक्टोबर २००४ पासून शिकलेल्या परदेशी नोकरदारांसाठी वेगळी सोय केली. डच भाषेत अशा माणसाला "केनिसमिग्रांत" म्हणतात, म्हणजे आपल्या ज्ञानावर आलेला. अर्ज कंपनीने करायचा आणि पगार ठरलेल्या रकमेच्या वर पाहिजे. यातली चांगली गोष्ट अशी की जोडीदाराला जो राहण्याचा परवाना मिळतो, त्याच्यावरच लिहिलेले असते की या माणसाला काम करण्याची पूर्ण मुभा आहे, वेगळी परवानगी नको. सगळीकडे असे नाही बरे का. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्यांच्या जोडीदारांना कित्येक वर्षे काम करताच येत नव्हते. २०१५ पासून काही जणांना परवानगी मिळू लागली, तीही ग्रीन कार्डाच्या रांगेत बरेच पुढे गेलेल्यांच्या जोडीदारांना.

म्हणजे जावयांच्या हातात कागद होता. पण कागदाने दिवस भरत नाही. इंजिनियरचे काम तिथे इंग्रजीवर चालते, पण गिऱ्हाइकाशी बोलायचे काम असले की डच पाहिजेच. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांना तर सरकारी रजिस्टरात नाव घालावे लागते आणि त्यासाठीही डच लागते. माझ्यासारखी आयुष्यभर वॉर्डात काम केलेली नर्स उद्या तिथे गेली, तरी तिला पहिल्या दिवशी कोणी इंजेक्शनची सुई हातात देणार नाही.

शिवाय डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार पडतो. सकाळी मुलाला सायकलच्या पुढच्या पेटीत बसवून शाळेत सोडायचे (तिथे चौथ्या वर्षी शाळा सुरू होते), भाजी आणायची, स्वयंपाक करायचा, आणि मग खिडकीतून पाऊस बघायचा. जावई मला म्हणाले, "मावशी, घरकामाचा कंटाळा नाही येत. पण ही संध्याकाळी येऊन विचारते, आज काय केलंत, तेव्हा सांगण्यासारखं काही नसतं."

ही गोष्ट काही आजची नाही. गोपाळराव जोशी हे नाव आपण शाळेत ऐकले आहे. पोस्टातले कारकून, काही काळ आपल्या अलिबागलाच होते. त्यांनी हट्टाने बायकोला शिकवले आणि १८८३ साली एकटीला अमेरिकेला पाठवले. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, तेव्हा मागाहून तिथे पोचलेले गोपाळराव समारंभाला हजर होते. बायकोने डॉक्टर व्हावे ही इच्छा त्यांचीच. पण अमेरिकेत पोचल्यावर त्यांचे बोलणे कडवट झाले, भाषणांतून ते त्या देशावरच टीका करत सुटले. मला वाटते, घरी ते तिचे मास्तर होते, तिथे ते डॉक्टरीणबाईंचे यजमान झाले आणि ते त्यांना पेलले नाही. दोघे त्याच वर्षी परत आले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्याला वारल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आम्हा नर्सेसना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. १९६०च्या दशकात केरळच्या मुली नर्स म्हणून जर्मनीला गेल्या, पुढे अमेरिकेलाही गेल्या, आणि नवरे मागाहून आले. शेबा जॉर्ज नावाच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी अमेरिकेतल्या अशा कुटुंबांवर २००५ साली एक पुस्तक लिहिले. गावाकडे मान असलेले पुरुष तिथे हलक्या कामाला लागले, बायको नाईट ड्युटीला गेली की मुले सांभाळू लागले, आणि गेलेला मान चर्चच्या कमिटीत शोधू लागले. ते वाचून मला आपल्या सिनेगॉगच्या निवडणुका आठवल्या आणि हसू आले!

माझ्या घरची गोष्ट सांगते. माझे यजमान मुंबईला रेल्वेत क्लार्क होते, खुर्ची-टेबल होते. इस्राएलला आल्यावर मला उलपान संपायच्या आत हॉस्पिटलात काम मिळाले आणि त्यांना कारखान्यात दिवसभर उभे राहून बाटल्यांना झाकणे लावायचे काम मिळाले. आपल्यापैकी कितीतरी घरांत हेच झाले ना? पण ते बायकोच्या मागे आले असे कोणी म्हटले नाही, कारण आपण सगळे एकत्र आलो होतो. शेजारचे मास्तर खडी फोडत होते, पलीकडचे हेडक्लार्क बागेत पाणी घालत होते. दुःख होते, पण ते सगळ्यांचे होते. हॉलंडच्या त्या घरात जावई एकटेच होते. तिथे कामाच्या नसण्यापेक्षा जास्त टोचते ते हे, की आपण इथे का आलो याला लोकांकडे धड शब्दच नाही.

पूर्वी तर असा नवरा असू शकतो हे सरकारच्याही डोक्यात नव्हते. कूर्गच्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली भारताच्या परराष्ट्र खात्यात दाखल झालेल्या पहिल्या बाई. तेव्हा नियम असा की बाई अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यायची, आणि संसार कामाच्या आड येतो असे सरकारला वाटले तर तिने राजीनामा द्यायचा. बदलीच्या गावी नवरा तिच्याबरोबर जाईल, हा विचारच नाही. मुथम्मा सुप्रीम कोर्टात गेल्या. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला सुनावले की संसार बाईच्या कामाच्या आड येत असेल तर पुरुषाच्याही येईल, मग नियम एकटीलाच का? आणि योग बघा, त्याच सुमाराला त्यांची नेमणूक राजदूत म्हणून झाली ती हॉलंडलाच, हेग शहरात.

हॉलंड तरी कुठे पहिल्यापासून पुढारलेले होते? लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खाते उघडता येत नसे, करारावर सही करता येत नसे. तो कायदा १९५७च्या जानेवारीपासून गेला. सरकारी नोकरीतल्या बाईचे लग्न झाले की तिला घरी पाठवत, ती पद्धत बंद व्हावी म्हणून कोरी टेंडेलो नावाच्या खासदारबाईंनी १९५५ साली पार्लमेंटात ठराव आणला आणि तो थोडक्या मतांनी पास झाला. आता त्याच देशात आठवड्यातला एक दिवस मुलांसाठी घरी राहणारे बाप आहेत, त्या दिवसाला "पापादाग" म्हणतात. बाळ झाले की बापाला एक आठवडा भरपगारी रजा असते, आणि जुलै २०२० पासून आणखी पाच आठवडे कमी पगारावर घेता येते. अर्थात अर्धवेळ काम तिथेही बायकाच जास्त करतात. बाई पूर्ण वेळ कामावर आणि पुरुष घरी, हे तिथेही सरसकट नाही.

आता ज्यांच्या घरी अशी तयारी चालू असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. भाषा पहिल्या महिन्यापासून शिकावी. पुष्कळ लायब्रऱ्यांत "ताल-कॅफे" असतात, तिथे चहा पीत डच बोलायचा सराव करता येतो. जावयांना पहिले मित्र तिथेच मिळाले. बँकेत नवऱ्याच्या नावानेही खाते असावे, दर वेळी बायकोकडे हात पसरायला नको. हेही लक्षात ठेवा की त्यांचा परवाना तिच्या परवान्याला बांधलेला असतो. तिची नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. म्हणजे ओझे तिच्याही डोक्यावर असते, ते तिने एकटीने वाहू नये. आणि एक समाधानाची गोष्ट. सरकारी म्हातारपणाचे पेन्शन तिथे नोकरीवर नव्हे, राहण्यावर जमते, वर्षाला दोन टक्के. घरी मूल सांभाळणाऱ्या नवऱ्याचेही ते वर्ष फुकट जात नाही.

जावई आता एका छोट्या ऑफिसात हिशेबाचे काम करतात, आठवड्यातून चार दिवस. बुधवार त्यांचा. बुधवारी मुलाची शाळा दुपारीच सुटते, मग बाप-लेक वाल सोलतात आणि बिरडे होते. पगार बँकेतल्यापेक्षा मोठा नाही. पण नोकरी लागायच्या कितीतरी आधीपासून त्यांचा चेहरा बदलला होता, असे भाची सांगते. तिच्या आईने फोनवर तिच्याऐवजी आधी त्यांना बोलवून, "आज काय शिजवलंत? डच किती आलं?" असे विचारायला सुरुवात केली, तेव्हापासून.

म्हणून माझ्या वयाच्या सगळ्यांना विनंती. जावई काय करतात हे शेजारणीला सांगता यावे म्हणून विचारू नका, त्यांच्याशी बोलता यावे म्हणून विचारा. आणि बाळांनो, शाळेत कोणी तुम्हाला विचारले की तुझे बाबा काय करतात, तर मान खाली घालू नका. सरळ सांगा, "आईला इथे काम मिळालं, म्हणून बाबा आमच्याबरोबर आले." त्यात लपवण्यासारखे काहीच नाही.