खाली पाहिले तर पाय नाहीत!

मोबाईलवर नाहीतर संगणकावर बंदुकीचे खेळ खेळणारी पोरे आता वस्तीवस्तीत आहेत. यातल्या ‘फर्स्ट पर्सन’ खेळांत पडदा म्हणजेच खेळणाऱ्याचे डोळे. अशा खेळात मान खाली घातली तर पुष्कळदा पायच दिसत नाहीत. बंदूक धरलेले हात तेवढे असतात, बाकी माणूस गायब!

१९९३ सालच्या ‘डूम’मध्ये हेच होते. तळाशी नायकाचा छोटा चेहरा असे, मार बसला की तो रक्ताने माखे. २००४ च्या ‘हाफ-लाइफ २’मध्येही नायकाला पाय नाहीत. देह दाखवणे किचकट काम असते. डोळ्यांच्या जागी कॅमेरा ठेवून खाली पूर्ण शरीर जोडले, तर वाकताना कॅमेरा आपल्याच छातीत घुसतो.

१९९८ च्या ‘ट्रेसपासर’ने धाडस केले. त्यातली नायिका ॲन. तिच्यात जीव किती उरला, हे तिच्या छातीवर गोंदलेल्या हृदयावरून ओळखायचे. पाय मात्र दिलेच नाहीत! बाईचा देह दाखवायचा तो एवढाच? आम्हांला हे खटकते. त्यापेक्षा २००८ चा ‘मिरर्स एज’ बरा. त्यातली फेथ गच्च्यांवरून धावते, उड्या मारते, आणि तिचे हातपाय आपलेच असल्यासारखे समोर येतात. खेळणाऱ्याला घेरी येऊ नये म्हणून पडद्याच्या मध्यभागी एक ठिपका ठेवलेला आहे.

देह दिसल्याने खरेच फरक पडतो का? १९९८ साली बॉटविनिक व कोहेन या संशोधकांनी लोकांचा खरा हात आडोशाला ठेवला, समोर रबरी हात मांडला आणि दोहोंवर एकाच वेळी ब्रश फिरवला. रबरी हात लोकांना आपलाच वाटू लागला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मेल स्लेटर व सहकाऱ्यांच्या प्रयोगात गोऱ्या स्त्रियांना डोळ्यांवर चढवायच्या यंत्रातून काळ्या वर्णाचे शरीर देण्यात आले. आपण हललो की तेही हले. नंतरच्या चाचणीत काळ्या लोकांविषयीचा त्यांचा नकळतचा पूर्वग्रह कमी झालेला दिसला.

ज्यांच्या आजा-पणजाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्या आपल्या घरांना ही बातमी साधी नाही. पण यंत्र थोड्या वेळाने काढून ठेवता येते. आपल्या माणसांना जात तशी उतरवून ठेवता आली नाही. म्हणून या प्रयोगाला आम्ही डोक्यावर घेणार नाही.

पोर खेळत असताना आईवडिलांनी जरा शेजारी बसावे. ‘खाली बघ’ म्हणावे. हात कोणाचे दिसतात, रंग कोणता, पाय आहेत का, हे विचारावे. मुलगी खेळत असेल, तर तिला स्वतःसारखे कोणी त्यात सापडते का, हेही विचारावे.