स्वयंपाकाला व्हीएस कोन्याक पुरे!

पेपर स्टेकच्या सॉससाठी महागडी एक्सओ उघडू नका! कोन्याक या फ्रेंच ब्रँडीच्या बाटलीवरची अक्षरं वय सांगतात: ओकच्या पिंपात व्हीएस किमान २ वर्षं, व्हीएसओपी ४, एक्सओ १०. जुन्या कोन्याकचे नाजूक गंध तव्यावर उडून जातात. उरतो तो फळाचा आणि ओकचा गोडवा, अन् तो व्हीएसमध्येही छान असतो. आणखी स्वस्त हवी? साधी फ्रेंच किंवा स्पॅनिश ब्रँडी उत्तम.

आपल्याकडे मात्र लेबल वाचाच. बऱ्याच भारतीय ब्रँड्यांत उसाच्या मळीचं स्पिरिट मिसळलेलं असतं. ‘ग्रेप ब्रँडी’ असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या.

आणि हो, बाटलीतून थेट तव्यात कधीच ओतू नका, भडका उडतो. वाटीत काढून घ्या, गॅस बंद करा, मग ओता.