दोन विजय: मर्चंट मोठे की हजारे?

केजवरून बोलतोय. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही किंवा नेटवर्कची बोंब आहे, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना जे "म्हणजे", "ते हे" आलं ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, विजय हजारे ट्रॉफी, विजय मर्चंट ट्रॉफी, हे दोघं कोण? भाऊ होते का?" प्रश्न भारी आहे. ऋतुराज गायकवाडनं नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ओव्हरला सात सिक्स मारले, ती क्लिप तुमच्यापैकी प्रत्येकानं पन्नास वेळा बघितली असेल. ती मॅच विजय हजारे ट्रॉफीची होती. आणि बीडच्या एखाद्या पोराला महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालच्या टीमकडून देशपातळीवर खेळायचं असेल, तर त्याचं दार म्हणजे विजय मर्चंट ट्रॉफी. आधी मर्चंट, मग हजारे. दोन्ही नावं आपण स्टेडियमच्या गेटवरच्या पाटीसारखी वाचतो आणि पुढं जातो.

तर भाऊ नव्हते. उलट दहा-बारा वर्षं अख्खा देश यांच्यावरून वाद घालायचा. आज मेस्सी की रोनाल्डो यावर व्हॉट्सॲप ग्रुप फुटतात ना, तसंच.

आधी माणसं समजून घेऊ. विजय मर्चंट जन्मले १९११ ला, मुंबईत, ठाकरसी घराण्यात. कापड गिरण्यांचे मालक. खरं आडनाव ठाकरसी. शाळेत नाव लिहिताना वडिलांचा धंदा आणि आडनाव यांची गल्लत झाली आणि "मर्चंट" चिकटलं, असा किस्सा सांगतात. विजय हजारे १९१५ चे, सांगलीचे, शाळामास्तरांचे चिरंजीव, आठ भावंडांतले एक. मराठी ख्रिश्चन कुटुंब. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत आणि सगळा कडूपणा त्याच्यातच आहे.

मर्चंटना क्रिकेट खेळून पोट भरायचं नव्हतं. हजारेंना भरायचं होतं. त्या काळी आयपीएलचा लिलाव नव्हता, पण संस्थानिक होते. देवासच्या महाराजांनी हजारेंना पदरी घेतलं आणि ऑस्ट्रेलियाचा मोठा लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट याला शिकवायला आणलं. हजारेंचा स्टान्स विचित्र होता, बॅट दोन पॅडच्या मधे घट्ट धरलेली. कोणत्याही कोचनं पहिल्यांदा तेच बदललं असतं. ग्रिमेटनं सांगितलं, याला हात लावायचा नाही. मला ग्रिमेटच्या विकेटींपेक्षा हे जास्त आवडतं, खरं सांगतो. पुढं हजारे बडोद्याच्या महाराजांकडे गेले आणि शेवटपर्यंत बडोद्याचेच झाले.

मर्चंटच्या श्रीमंतीची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. १९३२ ला भारताची पहिली टेस्ट लॉर्ड्सवर होणार होती. तेव्हा गांधीजी आणि काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. मर्चंट आणि एल. पी. जय यांच्यासारख्यांनी निषेध म्हणून दौऱ्यावर जायला नकार दिला. एकविशीतल्या पोरानं लॉर्ड्स सोडायचं! घरी पैसा असला की असा निर्णय परवडतो असं कुणी म्हणेल. परवडत असूनही घेणारे किती असतात, ते बघा.

आता येऊ त्या हंगामाकडे. १९४३-४४.

मुंबईत तेव्हा पंचरंगी स्पर्धा व्हायची, पेंटँग्युलर. पाच टीम. शहरांच्या नाहीत, जिल्ह्यांच्या नाहीत, धर्माच्या. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम, आणि पाचवी टीम "रेस्ट", म्हणजे उरलेले. ख्रिश्चन, ज्यू, बौद्ध वगैरे सगळे त्यात. देशात फाळणीचं राजकारण तापत होतं आणि ब्रेबॉर्न स्टेडियमवर धर्माच्या नावानं लोक टाळ्या वाजवत होते. गांधीजींनी १९४० मध्येच याच्या विरोधात मत दिलं होतं. तरी स्टेडियम भरायचं. लोक रेडिओला कान लावून बसायचे. आपला केज तर तेव्हा मुंबई इलाख्यातही नव्हता, निजामाच्या राज्यात होता, म्हणजे कागदावर ते दुसरंच राज्य.

मर्चंट हिंदूंकडून खेळायचे. हजारे उरलेल्यांकडून. आठ-दहा दिवसांत काय घडलं ते सांगतो.

आधी हजारेंनी मुस्लिम संघाविरुद्ध डबल सेंच्युरी मारली, अडीचशेच्या अगदी जवळ, आणि स्पर्धेतला सगळ्यात मोठ्या खेळीचा विक्रम स्वतःच्या नावावर केला. रेस्टची टीम फायनलला आली. फायनल हिंदूंविरुद्ध. पहिली बॅटिंग हिंदूंची. मर्चंट उतरले आणि नाबाद २५०. विक्रम परत मर्चंटकडे. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्टची टीम १३३ मध्ये गुंडाळली गेली. फॉलोऑन. संपली मॅच, असं सगळ्यांना वाटलं.

मग हजारे दुसऱ्या डावात आले. एका बाजूनं विकेट पडत होत्या. तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ विवेक हजारे आला. दोघांनी मिळून ३०० धावांची भागीदारी केली. त्यात विवेकच्या धावा किती? एकवीस. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. धाकट्यानं नुसतं उभं राहायचं, थोरल्यानं मारायचं. घरच्या अंगणात खेळतात तसं. टीमच्या एकूण धावा ३८७, त्यातल्या एकट्या विजय हजारेंच्या ३०९. पाचातल्या चार धावा एका माणसाच्या बॅटमधून.

आणि तरी रेस्टची टीम एक डाव आणि ६१ धावांनी हरली. कप हिंदूंचा. विक्रम हजारेंचा.

पण त्याच हंगामात रणजीमध्ये मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केल्या. इथं आपला संबंध येतो, कारण रणजीत त्याआधी हजारेंच्या नाबाद ३१६ होत्या, १९३९-४० च्या, आणि त्या त्यांनी महाराष्ट्राकडूनच खेळताना केल्या होत्या, बडोद्याविरुद्ध. म्हणजे मर्चंटनी हजारेंचा विक्रम मोडला तो हजारेंच्याच जुन्या टीमला चोपून. हे दोघं एकमेकांना पत्र पाठवल्यासारख्या धावा पाठवत होते.

(मधेच एक गोष्ट. या दोघांना मागं टाकणारा माणूसही महाराष्ट्राचाच, भाऊसाहेब निंबाळकर. १९४८-४९ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता, आणि समोरच्या टीमनं मॅच सोडून दिली. निंबाळकरांना एकही टेस्ट मिळाली नाही. त्यांच्या नावावर वेगळा एपिसोड करणार आहे.)

आता तुमच्यातले आकडेवाले पुढं या. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये मर्चंटची सरासरी ७१.६४. जगाच्या इतिहासात मोठं करिअर असलेल्यांमध्ये ब्रॅडमननंतर दुसरा नंबर. नुसत्या रणजीत तर ९८.७५. हजारेंची फर्स्ट क्लास सरासरी ५८.३८. पण धावा १८,७४०, शतकं ६०, आणि वर ५९५ विकेट. हो, हजारे बॉलिंगही करायचे.

इथं मर्चंटचे चाहते कॉलर ताठ करतात. समोरचे म्हणतात, मुंबईच्या पाटा विकेटवर कुणीही धावा करेल. हे मला पटत नाही. १९३६ च्या मँचेस्टर टेस्टमध्ये मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावा जोडल्या, दोघांची शतकं. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात मर्चंटनी २,३८५ धावा केल्या, सरासरी ७४.५३. तो पावसाळी उन्हाळा होता आणि तेव्हा विकेट झाकून ठेवायची पद्धत नव्हती. ओल्या खेळपट्टीवर बॉल कुठं उडेल याचा नेम नाही. तिथं चौऱ्याहत्तरची सरासरी काढणारा माणूस पाट्यावरचा वाघ नसतो.

मग टेस्टचं काय? मर्चंट: १० टेस्ट, ८५९ धावा, सरासरी ४७.७२. हजारे: ३० टेस्ट, २,१९२ धावा, सरासरी ४७.६५. परत वाचा. सात शतांश धावेचा फरक. एवढं भांडून शेवटी तराजू इथं येऊन थांबतो.

पण सरासरी सारखी असली तरी दोन्ही करिअर सारखी नाहीत. मर्चंटच्या दहाच्या दहा टेस्ट इंग्लंडविरुद्ध, आणि त्या अठरा वर्षांत पसरलेल्या. मधली ऐन उमेदीची वर्षं महायुद्धानं खाल्ली. १९४७-४८ ला ऑस्ट्रेलियाचा दौरा आला तेव्हा तब्येतीमुळे ते गेले नाहीत. हजारेंनाही महायुद्धानं पहिली टेस्ट एकतीसाव्या वर्षी दिली. पण ऑस्ट्रेलियाला ते गेले.

ॲडलेड, जानेवारी १९४८. समोर ब्रॅडमनची टीम, बॉलिंगला लिंडवॉल आणि मिलर. ब्रॅडमननं २०१ केल्या आणि त्याचा त्रिफळा उडवला तो हजारेंनी. मग पहिल्या डावात हजारे ११६, फॉलोऑननंतर १४५. एका टेस्टच्या दोन्ही डावांत शतक करणारा पहिला भारतीय. त्या दुसऱ्या डावात भारताचे सहा जण शून्यावर गेले. सहा! लिंडवॉलच्या सात विकेट. फॉलोऑन, समोर पडझड, आणि एका बाजूला हा गप्प माणूस बॅट पॅडमधे धरून उभा. ब्रेबॉर्नच्या फायनलचाच सीन, फक्त बॉलिंग जगातली सगळ्यात भीतीदायक.

माझं मत विचारलंत तर टेस्टमध्ये मी हजारेंच्या बाजूनं. ॲडलेडसाठी. मर्चंटना तिथं संधी मिळाली असती तर त्यांनी काय केलं असतं, यावर चहाच्या टपरीवर रात्र काढता येईल, पण स्कोअरकार्डवर "असतं" लिहायला रकाना नसतो.

आता सगळ्यात भारी मॅच. दिल्ली, नोव्हेंबर १९५१, इंग्लंडविरुद्ध. हजारेंची कर्णधार म्हणून पहिली टेस्ट. मर्चंट चाळीस वर्षांचे, पाच वर्षांनी टेस्टला परत आलेले. दोघं एकत्र बॅटिंग करतायत. २११ धावांची भागीदारी. मर्चंटनी १५४ केल्या. तेव्हा भारताकडून टेस्टमधला सर्वोच्च स्कोअर होता हजारेंचा तो ॲडलेडचा १४५. मर्चंटनी तो मोडला. आणि त्याच डावात, दुसऱ्या बाजूला उभं राहून, हजारेंनी नाबाद १६४ करून तो परत घेतला. धर्माच्या टीमा बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आता दोघांच्या टोपीवर एकच चिन्ह होतं, आणि तरी खोड जात नव्हती.

त्याच मॅचमध्ये फिल्डिंग करताना मर्चंटचा खांदा दुखावला आणि ती त्यांची शेवटची टेस्ट ठरली.

त्याच सिरीजमध्ये, फेब्रुवारी १९५२ ला, मद्रासला भारतानं पहिली टेस्ट जिंकली. पंचविसावी टेस्ट होती ती, वीस वर्षांनी. विनू मंकडच्या बारा विकेट. कर्णधार हजारे. पण कर्णधारपद त्यांना मानवलं नाही. चौदा टेस्टमध्ये तो एकच विजय. त्याच वर्षी लीड्सला दुसऱ्या डावात भारताचा स्कोअर शून्यावर चार बाद होता. शून्यावर चार, आणि तेव्हा मैदानात चालत येणारा माणूस हजारे. त्यांनी फडकरांबरोबर शंभरच्या वर भागीदारी केली, पण मॅच वाचली नाही. कर्णधारपदाच्या ओझ्यामुळं हजारे भारताचे सर्वश्रेष्ठ फलंदाज होता होता राहिले, असं पुढं स्वतः मर्चंटनीच म्हटलं. प्रतिस्पर्ध्यानं एवढं बोलणं म्हणजे आजच्या भाषेत ब्लू टिकच्या वरची गोष्ट.

मैदानाबाहेर मात्र मर्चंट बरेच पुढं गेले. निवड समितीचे अध्यक्ष असताना १९७१ मध्ये पतौडी की वाडेकर असा प्रश्न आला. मतं समान पडली आणि मर्चंटनी आपलं निर्णायक मत अजित वाडेकरांना दिलं. त्याच वर्षी वाडेकरांच्या टीमनं वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्हीकडे सिरीज जिंकली. अंध आणि अपंग लोकांसाठी मर्चंटनी अनेक वर्षं काम केलं. आणि आमच्या धंद्यातले म्हणून सांगतो, विविध भारतीवर रविवारी दुपारी त्यांचा क्रिकेटवरचा कार्यक्रम लागायचा. मोबाईलशिवायचं पॉडकास्टच की ते.

हजारे कमी बोलायचे. १९६० ला पद्मश्री मिळाली. जसू पटेलांसोबत हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. मर्चंट १९८७ ला गेले, हजारे डिसेंबर २००४ ला, बडोद्यात. ज्या माणसानं आयुष्यात एकही वनडे खेळली नाही, त्याच्या नावानं पन्नास ओव्हरची स्पर्धा चालते.

तर ज्यानं मेसेज केला त्या भावा, भाऊ नव्हते ते. पण एकाचा भाऊ २१ धावा करून दुसऱ्या टोकाला उभा होता, तो विवेक. त्याच्या नावानं कुठलीच ट्रॉफी नाही. पुढच्या एपिसोडला निंबाळकर. तोपर्यंत तुमचं मत पाठवा, मर्चंट की हजारे, आणि फक्त नाव लिहू नका, कारण लिहा.