ऑटोमॅटिक गाडीचा रेडिएटर साध्या गाडीला चालतो का?

गाडी तापायची ती नेमकी अडचणीच्या वेळीच. पहाटे भाजीचे क्रेट भरून बाजार समितीला निघालात, किंवा रात्री आजारी माणूस घेऊन तालुक्याला, आणि घाटात काटा लाल रेघेवर गेला की हातपाय गळतात. ‘आता पोचू की’ म्हणून तशीच दामटली तर हेड गॅस्केट उडते, हेड वाकते, कधी इंजिनच जाम होते. रेडिएटरवर भागणारा खर्च मग इंजिनावर जातो.

अशा वेळी मिस्त्री सांगतो, ‘नवा महाग पडेल. जुन्या बाजारात एक मिळतोय, पण तो ऑटोमॅटिक गाडीचा आहे.’ घ्यावा का? त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनाच्या गाडीचा असेल तर बहुतेक वेळा चालतो. मात्र काही गोष्टी नीट पाहून घ्या.

फरक कोठे आहे?

साध्या गाडीच्या रेडिएटरात फक्त इंजिनाचे पाणी फिरते. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचे तेलही तापते, म्हणून अशा अनेक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीत तेलाची एक बंद नळी बसवलेली असते. तिची दोन तोंडे बाहेर निघतात. तेल आणि पाणी शेजारी असले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. तुमच्या गाडीला ही दोन तोंडे लागत नाहीत. ती रिकामी राहिली तरी पाणी थंड होण्यात फरक पडत नाही.

उलटे मात्र कधीही करू नका. ऑटोमॅटिक गाडीला साधा रेडिएटर लावून तेल थंड करण्याची दुसरी सोय केली नाही, तर गिअरबॉक्स जळतो.

एक खुलासा. मारुतीने २०१४ साली सेलेरिओत आणलेली बिनक्लचची पद्धत वेगळी. तिथे गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबणे आणि गिअर बदलणे एवढेच यंत्र करते. त्यामुळे ‘ऑटोमॅटिकचा’ या शब्दावर जाऊ नका. रेडिएटर हातात घेऊन तोंडे मोजा.

घेण्यापूर्वी तपासा

जुना रेडिएटर शेजारी ठेवून लांबी, रुंदी, पाईपची तोंडे, खालचे खुंटे आणि पंख्याची भोके जुळवा. ऑटोमॅटिकचा रेडिएटर काही वेळा जाड असतो. तो पंख्याला किंवा एसीच्या जाळीला घासता कामा नये. जाड रेडिएटरने इंजिन फार गार पडेल, ही भीती नको. तेवढे थर्मोस्टॅट सांभाळतो. म्हणूनच ‘गाडी तापते, काढून टाका’ म्हणत थर्मोस्टॅट काढण्याची सवय चुकीची आहे.

तेलाची नळी फुटलेली नाही ना, हेही बघा. रेडिएटर पाण्याने भरा, नळीचे एक तोंड बंद करा आणि दुसऱ्यातून बेताची हवा द्या. पाण्यात बुडबुडे आले तर तो रेडिएटर घेऊ नका.

बसवताना

नळीतले जुने तेल पूर्ण काढा. दोन्ही तोंडांवर रबरी टोप्या घालून क्लिप आवळा, म्हणजे धूळ आणि माती जाणार नाही. तेल आत ठेवून तोंडे बंद करू नका, तापल्यावर ते फुगते. झाकणावरचा ०.९ किंवा १.१ असा आकडा तुमच्या गाडीला सांगितलेलाच हवा. पाणी १०० अंशांना उकळते. झाकणाच्या दाबामुळे ते साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण ढिले असेल तर नवा रेडिएटरही उकळ्या मारील.

बोअरचे पाणी मुळीच ओतू नका. क्षार बसून नळ्या बुजतात, जसे ठिबकचे ड्रिपर बुजतात तसेच. तयार कूलंट वापरा, किंवा कूलंटमध्ये बॅटरीला घालतो ते डिस्टिल्ड पाणी मिसळा. भरून झाल्यावर इंजिन चालू ठेवून आतली हवा निघू द्या आणि पातळी पुन्हा बघा. तापलेल्या गाडीचे झाकण मात्र उघडू नका, वाफेने तोंड भाजते.

काढलेले कूलंट गोठ्याजवळ किंवा उघड्यावर सांडू नका. ते गोड लागते, जनावरे चाटतात. बहुतेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल जहाल विष आहे. कुत्रं, वासरू दगावू शकतं. मुलांपासूनही दूर ठेवा.

ग्रामपंचायत आणि सोसायट्यांसाठी

संस्थेच्या गाडीसाठी दरपत्रके मागवताना ‘रेडिएटर, एक नग’ एवढेच लिहू नका. मॉडेल, साल, चेसिस क्रमांक आणि गिअरचा प्रकार लिहा. नाहीतर भलताच माल येतो, बिल निघते आणि गाडी तशीच उभी राहते.

शेवटची गोष्ट. गाडी तापली म्हणजे रेडिएटरच गेला असे नाही. आधी पंखा, पट्टा, वॉटर पंप आणि पाईप बघा. कधी पुढच्या जाळीत नुसता भुसा आणि किडे अडकलेले असतात. ते पाण्याने धुतले तरी काम भागते, आणि धुण्याला पैसे पडत नाहीत.