सल्फेटची गोणी आणि नायलॉनचा बाजार



अमोनियम सल्फेट ऐन बांधणीच्या वेळी का मिळत नाही, असे लातूर-नांदेडकडील आमच्या गटांतून नेहमी विचारले जाते. दरवेळी दुकानदाराला बोल लावून भागत नाही. ही गोणी पुष्कळदा नायलॉनच्या धंद्यातून आलेली असते.

ऊस वाहणाऱ्या टायरगाडीचेच घ्या. तिच्या टायरच्या पोटात बहुधा नायलॉनचा दोरा असतो. पुण्याजवळ भोसरीला सेंच्युरी एन्का कंपनी नायलॉनचा धागा काढते. या धाग्याचा कच्चा माल म्हणजे कॅप्रोलॅक्टम. ते बनवताना गंधकाम्ल लागते, ते शेवटी अमोनियाने मारतात आणि खाली अमोनियम सल्फेट उरते. आपल्याकडे साखरेमागे मळी निघते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की जुन्या पद्धतीत एक टन कॅप्रोलॅक्टममागे चार टनांहून जास्त सल्फेट पडते! नव्या पद्धतींत ते दोन टनांच्या आत आले आहे.

आपल्या देशात बडोद्याच्या जीएसएफसीने १९७४ साली कॅप्रोलॅक्टम सुरू केले, पुढे १९९० साली केरळात फॅक्टने. कच्चे तेल चढले की बेंझीन चढते आणि कॅप्रोलॅक्टम महाग पडते. त्यात चीनने गेल्या पंधरा वर्षांत प्रचंड कारखाने उभे केले, दर पाडले. फॅक्टला आपला कॅप्रोलॅक्टम विभाग काही वर्षे बंदच ठेवावा लागला. तो बंद म्हणजे त्याच्यामागचे सल्फेटही बंद. पोलाद कारखान्यांच्या कोक भट्ट्यांतूनही थोडे सल्फेट निघते, पण त्यावर सगळी गरज भागत नाही. चीनचे सल्फेट आज ब्राझीलचे शेतकरी जहाजे भरभरून नेतात.

मग आपण काय करायचे? आधी हिशेब करा. ५० किलोच्या सल्फेटच्या गोणीत नत्र सुमारे सव्वादहा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते पावणेएकवीस किलो. नुसत्या नत्रासाठी सल्फेटमागे धावणे परवडत नाही. त्याची खरी किंमत गंधकात आहे, गोणीमागे साडेअकरा किलोच्या आसपास. सोयाबीनवर ऊस घेणाऱ्या रानात गंधक कमी पडू शकते. तिथे ते सुपर फॉस्फेटमधूनही मिळते, जिप्सममधूनही.

एक घोटाळा मात्र टाळा. चुनखडीच्या रानात खोडव्यावर केवडा पडतो, शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे. ही लोहाची कमतरता. "सल्फेट टाका" असे कोणी सांगितले तर कोणते, ते विचारा. तिथे हिराकस लागते, अमोनियम सल्फेट नव्हे. नाव सारखे म्हणून गोणी रिकामी करू नका.

आणि सल्फेट मिळालेच, तर आपल्या काळ्या चुनखडी जमिनीत ते वर फेकून ठेवू नका, नत्र हवेत उडते. सरीत टाकून मातीआड करा, लगेच हलके पाणी द्या. माती तपासायची असेल तर नमुना खत टाकण्याआधी काढून आमच्या गट कार्यालयात द्यावा.